फेरतपासणीची चार मिनिटं

प्रिय लिओना,

कागद पाठकोरा होता, म्हणून यावरच लिहिते. चांगला कागद वाया कशाला घालवायचा? पुढच्या बाजूला सरकारी शिक्का आहे, तो आधी बघून घे. तुझ्या ओळखीचा असेल.

दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला तू आली होतीस, आठवतं? गोड पाव खाता खाता बाबांना तुझे नियम समजावत होतीस. सरकारी कचेऱ्यांत यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र निर्णय सुचवणार, पण शेवटची सही माणसाची. कारण साध्या भाषेत कळवायचं. पटलं नाही तर फेरतपासणी मागायची. बाबांनी घास तोंडातच धरला होता. मग टेबलावर अशी थाप मारली की मुरांबा सांडला. "म्हणजे यंत्राच्या मानगुटीवर माणूस बसवलास म्हण की!" पुढे महिनाभर चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला अडवून सांगत होते, "नियम आमच्या पोरीने लिहिलेत बरं."

त्यांचे पाय गेल्यापासून सरकारी मदतनीस रेनाटे रोज सकाळी यायची, त्यांना उचलून न्हाणीत न्यायची. सप्टेंबरात कुणाला किती मदत लागते याची नवी तपासणी निघाली. फोनवर यंत्र विचारणार, घरच्याने उत्तरं द्यायची. आवाज मोठा गोड. उठवायला, अंघोळीला जमतं का? मी म्हणाले, "भागतंय. देवाची कृपा." दुसरं काय म्हणणार? आपल्यात पाय तुटला तरी माणूस भागतंयच म्हणतो. रडगाणं गाणं म्हणजे खोटं बोलण्याची धाकटी बहीण. शेजारच्या नेटीने कपाळाला हात लावला. "अगं जस्टिना, खुळी का काय तू? मी तर सांगितलं, मला चमचासुद्धा उचलवत नाही. मिळाली की रोजची बाई!" आणि गुरुवारी हीच नेटी चर्चच्या स्वयंपाकघरात साठ माणसांचं सूप ढवळत होती.

यंत्राने लिहिलं, कुटुंब सांभाळण्यास समर्थ. रेनाटे आठवड्यातून एकदाच येऊ लागली. मी फेरतपासणी मागितली, मग त्या फेरतपासणीची कागदपत्रंही मागवली. तुझ्याच नियमाने तो हक्क मला आहे. माणसाने प्रकरण किती वेळ पाहिलं, तेही त्यात असतं. चार मिनिटं. बदल नाही. खाली सही. तोच हा कागद.

तेव्हा बाबांनी तुला फोन केला. तुझ्याकडे काही मागायची त्यांची ती पहिलीच वेळ. मी शेजारी उभी होते, मला सगळं ऐकू आलं. "बाबा, ओळखीवर काम करून दिलं तर माझाच नियम मी मोडला असं होईल. आणि आईच म्हणाली ना, भागतंय?" त्यांनी फोन ठेवला आणि हसले. "पक्की आहे पोरगी." त्यांना अभिमान वाटला. मला नाही वाटला.

जानेवारीच्या अकराला मी त्यांना उचलायला गेले आणि दोघंही न्हाणीच्या फरशीवर पडलो. मी उठले. ते उठले नाहीत. दवाखान्यात त्यांची छाती भरली. तुझा मोबाइल बंद, म्हणून कचेरीत लावला. तिथेही यंत्रच. तातडीचं आहे का, विचारलं. मी म्हणाले, "बाबा दवाखान्यात आहेत. तसं तातडीचं नाही, भागतंय." चूक माझी, जिभेला वळणच ते. संध्याकाळी तुझं उत्तर आलं, "निरोप वाचला. भागतंय हे कळून बरं वाटलं. परिषद संपली की रविवारी बोलू."

यंत्राला मी दोष देत नाही. त्याने आपल्या घरात एकही हिवाळा काढलेला नाही. पण तू अठरा वर्षं या टेबलाशी जेवलीस. सात वर्षांची असताना कोठाराच्या दारात तुझी बोटं चेंगरली, रक्ताने बाही भिजली, आणि तूही मला म्हणालीस, "भागतंय, आई." मी तुला उचलून पळत सुटले होते. यंत्राच्या मानगुटीवर बसलेला माणूस या वेळी तूच होतीस, लिओना. आणि तू नुसतं वाचलंस.

शुक्रवारी दुपारी बाबा गेले. रविवारी तुझा फोन वाजला, तेव्हा मी त्यांच्या काळ्या कोटाला इस्त्री करत होते. वाजू दिला. जमीन इतकी गोठली होती की वर दोन दिवस जाळ ठेवून मग खड्डा खणला. पहिल्या बाकावर तुझ्या जागी नेटी बसली.

तुझा नियम सांगतो, ज्याच्याविषयी निर्णय झाला त्याला तो कळवावा, कारण साध्या भाषेत द्यावं. म्हणून हे पत्र. निर्णय असा, की मंगळवारी बाबांना पुरलं आणि तुला बोलवायचं नाही असं मी ठरवलं. कारण, तू कामात होतीस आणि आमचं भागत होतं. पटलं नाही तर फेरतपासणी माग. तुझा अर्ज यंत्र बघणार नाही, माणूसच बघेल, मी स्वतः. पुरती चार मिनिटं देईन.

तुझीच,
आई