आई पाण्यात उतरणार म्हणते

७ डिसेंबर, रवि.

काल दादरला आई आली नाही. जन्मात पहिल्यांदा. गुडघे म्हणाली. मीही म्हटलं, राहा घरी, गर्दीत तुला कुठे सांभाळू. अभिवादन करून, नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन परत आले तर ही दारात बसून काहीतरी गुणगुणतेय.

आज नळावर शोभामावशीकडून कळलं. काल दुपारी आई टेकडीवर मार्थाबाईच्या घरी प्रार्थनेला गेली होती. अख्खा चढ चढून! म्हणजे आईचे गुडघे माणूस बघून दुखतात.

विचारलं तर म्हणाली, "बरं वाटतं तिथं." मी भांडी आपटली, तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

११ डिसें., गुरु.

लॅबमधून लवकर सुटले. घरी मार्थाबाई (पुढे म.बा., एवढं कोण लिहीत बसणार) आईच्या गुडघ्यांना तेल चोळत बसलेली. ही बाई आमच्यातलीच. जालन्याकडची, आईच्या माहेरापासून दोन गावं सोडून. बाप जन्मभर जय भीम म्हणत गेला, ही लग्नानंतर ख्रिस्ती झाली. दर गुरुवारी येते म्हणे. मी कामावर असते, मला कोण सांगणार.

दोघी गात होत्या. राग आला, तो तेलाचा नाही. अण्णा, माझे वडील, गेल्यापासून आई विहारात गात नाही. आम्ही बायकांनी किती विनवण्या केल्या. एके काळी हिचा आवाज लागला की खालच्या चौकापर्यंत लोक थांबायचे. तो आवाज माझ्यासाठी लागला नाही, हिच्यासाठी लागला. झोंबलं. लिहून टाकलं, बरं वाटलं.

म.बा. उठायच्या आत आईने सांगूनच टाकलं. "अठ्ठावीसला, रविवारी, पाण्यात उतरणार हाय मी. मुलुंडच्या चर्चात."

बाप्तिस्मा! चहा-पोह्यांचं आमंत्रण असावं तशी बोलली. म.बा. खाली बघत तेलाच्या बाटलीचं झाकण लावत राहिली.

मी म्हटलं, मला विचारलंस का?

"तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली तवा गावाला इचारलं व्हतं का?"

बिनतोड. म्हणून जास्तच राग.

१४ डिसें., रवि.

विहारात पंचवीस तारखेची मीटिंग. जग त्या दिवशी नाताळ करतं. आमच्याकडे दहन दिन. बाईला नि आमच्या लोकांना माणूस न मानणारी पोथी महाडला जाळली तो दिवस. दरवर्षी संध्याकाळी चौकात तिची पानं जाळतो. प्रतिज्ञा मी वाचते, काडी मी ओढते. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून तेवढा एक मान आहे, बाकी सतरंज्या झाडणं.

सतरंजी, माईक, चहा ठरलं. मग मिलिंदने विषय काढला. मिलिंद म्हणजे मिल्या, विहाराचा सचिव, बालवाडीपासून माझ्या वर्गात.

"वैशे, काकूंना आवर. लोक बोलायला लागलेत."

"काय बोलतात?"

"आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना?"

म्हटलं, त्यात येशूचं नाव कुठे आहे दाखव. म्हणाला, शेवटच्या चार वाच. मला त्या पाठ आहेत, बुद्धाचाच धम्म खरा मानीन, तसाच वागेन अशा. तिथे त्याचं बरोबर आहे आणि ते मला कळतं. मी गप्प बसणार होते. खरंच. पण त्याला थांबायचं कळत नाही.

"पाण्यात गेल्या तर सांगून ठेवतो. उद्या काही बरंवाईट झालं तर मयताला वंदना घ्यायला इथलं कोणी येणार नाही."

माझं डोकं फिरलं.

"वंदना मला येते. मी घेईन. खांदेकरी नाही मिळाले तर टेम्पो करीन. पण मला एक सांग मिल्या, वाळीत टाकायचं हे आपण कोणाकडून शिकलो रे?"

तेवढ्यात चहा आला आणि सगळ्यांना एकदम तहान लागली.

आईने पाण्यात जाऊ नये असं मलाही वाटतं. मनापासून वाटतं. ते मी तिला सांगेन. मिल्या सांगणार नाही.

२१ डिसें., रवि.

आज चर्चवाल्यांची गाणी-पार्टी आमच्या गल्लीत. लाल टोप्या, गिटार, ढोलकी, केकचे डबे. अर्ध्या लोकांनी दारं लावली, पोरं केकमागे धावली. गाणं येशूच्या जन्माचं, चाल आमच्या जयंतीच्या गाण्याची! भाड्याने आणली का रे, असं तोंडावर आलं होतं. आई दारात टाळी धरून बसलेली. ढोलकीवाला कडव्याला घसरला तशी ओरडली, "आरं बाबा, सम कुटं सोडली? परत घे!" त्याने मुकाट्याने परत घेतलं. मला हसू आलं, दाबलं.

मग पास्टर घरात आले. माणूस सभ्य आहे, चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या. चहा झाल्यावर प्रार्थना. डोळे मिटून म्हणाले, हे प्रभू, या घरातल्या मूर्तींचा अंधार दूर कर.

समोर बुद्ध! मी मध्येच बोलले. "पास्टर, डोळे उघडा. हा देव नाही. आम्ही याच्याकडे काही मागत नाही, नवस करत नाही. अंधार वाटत असेल तर ट्यूब लावते."

गडबडले बिचारे. "माफ करा ताई, सवयीने बोललो. बाकीच्या घरांत..." सगळ्यांना एकच प्रार्थना, घर कोणाचं हे न बघता. त्यांना वाटतं भिंतीवर फोटो आहे म्हणजे देव आहे.

जाताना मात्र मुद्द्याचं बोलले. बाप्तिस्म्याआधी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून उतरवावा लागेल. चर्चचा तसा नियम आहे. आई कपबशा गोळा करायला लागली.

मनात लाडू फुटले माझ्या. आई ते फोटो उतरवणं शक्य नाही. अण्णांनी लावलेत. म्हणजे संपलं प्रकरण!

२५ डिसें., गुरु.

सकाळी आई म.बा.बरोबर चर्चला. येताना माझ्यासाठी केकचा तुकडा, रुमालात बांधून. खाल्ला. चांगला होता.

संध्याकाळी चौकात कार्यक्रम. प्रतिज्ञा वाचली, पानं परातीत ठेवली, काडेपेटी माझ्या हातात. तेवढ्यात मिल्या एक गठ्ठा घेऊन आला. त्या पार्टीने घरोघर वाटलेली पत्रकं, चांदणीचं चित्र असलेली. परातीत ठेवत माईकवर म्हणाला, "हेही जाऊ दे आत!" टाळ्या पडल्या.

मी काडी ओढली नाही. माईक ओढला.

"त्या पोथीनं माझ्या आजीला पाणवठ्याला शिवू दिलं नाही. या कागदानं माझ्या आईला केक खायला बोलावलंय. दोन्ही एका आगीत टाकायचं असेल तर काडी तू ओढ. मी चालले घरी."

मिल्या लाल. शेवटी शोभामावशी उठली, गठ्ठा उचलून पिशवीत कोंबला. "पुड्या बांधायला होतील गं. पेटव तू." पेटवलं. एवढी चांगली आग मागच्या वर्षी लागली नव्हती.

नंतर मिल्या म्हणाला, अध्यक्षपदाचा राजीनामा दे. म्हटलं, देणार नाही. काढायचं तर बायकांची मीटिंग लाव आणि काढ.

२६ डिसें., शुक्र.

आईशी बोलले. शेवटी. सरळ सांगितलं, नको जाऊस, मला नको वाटतं. तू माझी आहेस ती कोणा दुसऱ्याची होशील असं वाटतं. बोलता बोलता रडले.

तिने माझा हात धरला. म्हणाली, "अण्णा गेले तवा समदे आले. भंतेजी आले. सगळं अनित्य हाय म्हणाले. खरं हाय ते, मला ठावं नाही व्हय? पर मला रडायचं व्हतं, वैशू. लोक म्हणत, धीर धर. मार्था आली नि माज्यासंगं रडली."

नुसती बसून राहिले तिच्याजवळ.

मग म्हणाली, लाव त्या पास्टरला फोन. स्पीकरवर ठेवला.

"पास्टर, फोटो ऱ्हातील. मी पन येनार."

"आजी, तसं नाही ना चालत..."

"का नाही चालत? माझ्या मालकानं लावलेत. तुमच्या येशूला भिंत पुरत नाही का?"

मग म्हणाले, चर्चच्या वडीलमंडळींशी बोलतो, रविवारी सकाळपर्यंत कळवतो. आई म्हणाली, कळवा, मी तयार होऊन बसते.

म्हणजे माझे लाडू गेले. हिला दोन्ही पाहिजेत आणि दोन्ही कोणी देत नाही.

२८ डिसें., रवि.

सकाळीच आई आंघोळ करून तयार. पांढरी साडी काढून दे म्हणाली. पांढरी एकच आहे, वंदनेला नेसते ती. म्हटलं, ही विहाराची ना? "त्यांच्यात बी पांढरंच लागतं," म्हणाली. इस्त्री करून दिली. निऱ्या मीच धरल्या.

दारात खुर्ची टाकून बसली. विहाराच्या भोंग्यावर रविवारची वंदना सुरू झाली. आईचे ओठ सवयीने हलत होते. मिल्या समोरून निघालेला. पांढरी साडी बघून थबकला, चेहरा एकदम खुलला. "काकू, येताय ना वंदनेला?"

"जय भीम, बाळा. आज पाण्यात जायचंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं. बघ म्हटलं किती बघतोस ते. गेला.

म.बा.चा फोन आता आला. रडकुंडीला आलीये. वडीलमंडळी अजून आत बसलीत, फोटोवरून वाद चाललाय, नाहीच म्हणतील असं वाटतं. आईला सांगितलं.

"बसू दे की. मी बी बसलेय."

मीही तिच्या शेजारी स्टूल टाकलंय, तिथेच हे लिहितेय. या म्हणाले तर हात धरून पाण्याच्या पायरीपर्यंत नेईन. नको म्हणाले तर रिक्षा करून मुलुंडला जाणार आणि त्या वडीलमंडळींना विचारणार, माझ्या आईला अडवणारे तुम्ही कोण?