स्त्री, खिडकी, पाठमोरी

४ मार्च

चि. बारक्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. मागितले नव्हतेस, तरी घे. माझ्याकडे ते पडून असतात.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ती स्वतः मात्र कुरकुरत नाही. शिवणाची नवी कामं तिनं बंद केलीत. फक्त जुन्या गिऱ्हाइकांचे कपडे सैल करून देते, आणि तिच्या मते तिची सगळी गिऱ्हाइकं आता एकाच दिशेनं वाढताहेत. माझं बरं चाललंय. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, हे तुझ्या लक्षात असेल अशी आशा आहे. तुझ्या स्टुडिओचा पत्ता मला तुझ्या फोटोंच्या पानावर मिळाला, तुझ्याकडून नव्हे. फोनवर तू ‘हं, हं’ करून मोकळा होतोस, म्हणून पत्र लिहितेय.

कामाचं बोलते. सध्या माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर येतात. निवृत्त झाले आणि त्यांनी कादंबरी लिहिली. स्वतःच छापणार आहेत. माणूस हौशी. लेखकांच्या उपयोगाचं इंटरनेटवर जे जे फुकट मिळतं, ते त्यांनी हुडकून काढलंय आणि रोज सकाळी माझा चहा व्हायच्या आत मला पाठवलेलं असतं. पानं किती आणि कागद कसा ते भरलं की पुस्तकाचा कणा किती जाड होईल ते सांगणारी साइट. एका रंगाशेजारी दुसरा कुठला शोभेल ते सांगणारी साइट. फुकट अक्षरांची साइट; तिथून त्यांनी रक्त ठिबकणारी अक्षरं निवडली होती. कादंबरी प्रेमाची आहे. मी नको म्हटलं, तर म्हणाले, “बरं, मग दव ठिबकणारी आहेत का बघू?” मुखपृष्ठाचा कच्चा नमुना टाकला की अनोळखी लेखक आणि चित्रकार त्यावर मतं देतात, असा एक गटसुद्धा त्यांनी गाठलाय. तिथं आपल्याला फार मान आहे असं ते सांगतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘फुकट फोटोंच्या साइटवर सापडला. परवानगी नको, नाव द्यायला नको. ही बाई म्हणजे हुबेहूब माझी नायिका!’

डॉक्टरांची नायिका आपली आई आहे.

फोटोच्या डाव्या बाजूला ती खिडकीशी उभी आहे, पाठमोरी. करडा स्वेटर, कोपरावर ठिगळ. शेजारी शिलाई मशीन, त्यावरचा छोटा दिवा लागलेला. बाहेर अजून उजाडलेलं नाही. उजवीकडे खिडकीची मोठी काच, काळी, रिकामी. खाली तुझं नाव, आणि शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी तू दिलेले शब्द : स्त्री, खिडकी, पाठमोरी, एकटी, पहाट. एक शब्द राहिला असं मला वाटलं. पण फोटो तुझा आहे.

मग मी डॉक्टरांनीच पाठवलेली आणखी एक साइट उघडली. तिथं फोटो दिला की तो आणखी कुठं कुठं वापरलाय ते दिसतं. बारक्या, आपली आई बरीच हिंडलीय. एका भयकथेवर तिचे केस पांढरेफटक केलेत आणि हातात सुरा दिलाय. एका प्रेमकथेवर स्वेटर लाल झालाय. एकात ती हेर आहे. एकटेपणावर मात कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकावर तर खिडकीबाहेर सूर्य उगवलाय, तोही चुकीच्या बाजूला. पुस्तकाचं नाव मात्र सगळ्यांनी एकाच जागी टाकलंय, त्या काळ्या काचेवर. मीही तिथंच टाकलं असतं. असली मोकळी जागा असलेला फोटो मिळावा म्हणून आमच्या धंद्यातली माणसं दिवसचे दिवस घालवतात. फोटो चांगला आहे, हे मी आधीच म्हणायला हवं होतं.

ती हातात सुरा घेतलेली आई बघून मी आधी पोट धरून हसले. मग मला तुझा राग आला. आई ही काय फुकट वाटायची वस्तू आहे? मग राग गेला आणि तुझी आठवण आली, ते जास्त वाईट होतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

परवानगी लागत नाही हे मला कळतं, तरी मागते. हा फोटो वापरू का? आणि तू घर सोडलंस त्याच पहाटेचा आहे ना तो? मी तेव्हा इथं नव्हते. आईला विचारलं की ती ‘गेला तो’ एवढंच सांगते आणि पुढच्या कामाला लागते. नेमकं काय झालं होतं?

सवडीनं लिही. सवड नसेल तरी लिही.

ताई


२१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

फोटो खुशाल वापर.

हो, त्याच पहाटेचा आहे. पक्की नोकरी सोडून मी प्रवासी जहाजावर फोटो काढायला जाणार, हे मी तिला काही दिवस आधी सांगितलं होतं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. “जायचं तर जा, मला सांगायला येऊ नकोस,” एवढंच म्हणाली. तरी गेलो सांगायला. बॅग खांद्याला, कॅमेरा गळ्यात. खोलीच्या दारात उभा राहून म्हटलं, “आई, निघतो.” ती मशीनवरून उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी बराच वेळ थांबलो. ती वळली नाही. म्हणून फोटो काढला आणि निघालो.

तो मी पुन्हा कधी नीट बघितलेला नाही. होता तसा साइटवर टाकला. विकावासा वाटला नाही आणि पुसूनही टाकवेना. कोणता शब्द राहिला ते मला माहीत आहे. जे दिसलं ते लिहिलं. लोकांनी तो वापरला की मला जरा बरं वाटतं. मग तिनं एकट्या माझ्याकडेच पाठ केली असं वाटत नाही.

जहाज सोडून आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओ छोटा आहे पण चालतो. मी घरी येईन का, हे तू विचारलं नाहीस याबद्दल आभार. जिथं कुणी वळूनही बघत नाही तिथं येऊन करू काय?

तुझ्या डॉक्टरांना सांग, नाव त्या काचेवरच टाका. तिथं काही नाही.

बारक्या


१७ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पाकिटात परत घातलं आणि कामाला लागले. आज मात्र सांगण्यासारखं काही आहे.

तू म्हणालास तसं नाव काचेवर टाकलं. डॉक्टरांनी मुखपृष्ठ अंगठ्याएवढं करून बघितलं, कारण ऑनलाइन दुकानात ते तेवढंच दिसतं असं त्यांनी कुठंतरी वाचलंय. खरंच आहे ते, मीही तसंच करते. बघून म्हणाले, “नावानं ती बिचारी कोपऱ्यात दबल्यासारखी वाटते हो. नाव खाली घ्या ना. काच मोकळी राहू दे.” मला वैताग आला, पण गिऱ्हाइकाचं मन मोडवत नाही. नाव खाली घेतलं. डॉक्टरांनी तो नमुना लगेच त्यांच्या गटात नेऊन टाकला. वाहवा झाली. एका बाईंनी मात्र लिहिलं, ‘सुरेख. फक्त उजवीकडच्या काचेवर डाग आहे, तेवढा पुसून घ्या.’

डाग पुसणं हे माझं रोजचंच काम. तोवर मी डॉक्टरांनी पाठवलेल्या लहान प्रतीवरच भागवत होते. छपाईला मोठी लागते, म्हणून तुझ्या पानावरून सगळ्यात मोठी प्रत उतरवून घेतली. काचेचा भाग मोठा केला आणि अंधार थोडा उजळला, म्हणजे पुसताना डागाच्या कडा कळाव्यात.

तो डाग नाही, बारक्या. तो आईचा चेहरा आहे.

मशीनवरच्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडलाय. बाहेर काळोख होता, त्यामुळे काचेचा आरसा झाला होता. कपाळावर आलेले केस दिसतात, दाबून धरलेले ओठ दिसतात. आणि डोळे तर स्वच्छ दिसतात. ती बाहेर बघत नाहीये. ती काचेतून दाराकडे बघतेय, सरळ तुझ्याकडे. तुझ्या कॅमेऱ्याला तिचे डोळे दिसले म्हणजे तिलाही तू दिसत होतास. हे फोटोग्राफरला मी समजावून सांगायला नको.

आणि आम्ही सगळ्या मुखपृष्ठवाल्यांनी त्या चेहऱ्यावर पुस्तकांची नावं छापली. भयकथेचं तर बरोबर डोळ्यांवर आलंय.

मी रडले. रडले नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही. मग तोंड धुतलं, काचेचा भाग नीट उजळून फोटो छापून आणला आणि आईपुढं ठेवला. तिनं चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला.

“काच पुसलेली नव्हती वाटतं,” म्हणाली. मग म्हणाली, “आणि त्या स्वेटरला ठिगळ काय भयानक लावलंय मी.”

“आई, तू त्याच्याकडे बघत होतीस.”

“मग कुणाकडे बघणार? दारात तोच होता.”

“वळली का नाहीस?”

ती फोटो खाली ठेवेना. “वळले असते तर जाऊ दिलं नसतं त्याला,” म्हणाली. “म्हटलं, जाईपर्यंत काचेतून बघून घेऊ. तर त्यानं तो डबा लावला डोळ्याला. मग मला काय दिसणार? डबाच दिसला.”

एवढं बोलून ती उठली आणि कुणाच्या तरी पँटची शिवण उसवायला बसली. फोटो मशीनच्या खणात ठेवलाय. मी तो परत मागितलेला नाही. सोबत पाठवतेय ती दुसरी प्रत आहे.

म्हणजे एवढी वर्षं तुझ्याकडे तिची पाठ आहे आणि तिच्याकडे तुझा कॅमेरा. दोघंही हट्टी, आणि मधल्या मध्ये मी ‘हं, हं’ ऐकतेय.

डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मुखपृष्ठ मोठं करून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, “छे छे, ही बाई मला नको. मी दुसरी बघतो.” संध्याकाळपर्यंत त्यांनी इतके फोटो पाठवले की मोजायचा मला कंटाळा आला. आता त्यांच्या पुस्तकावर भिंतीवरची खुंटी आहे आणि तिला अडकवलेला एक बायकी कोट. गटाला आवडली नाही. डॉक्टर म्हणतात, गटाला काय कळतंय.

फोटो साइटवर ठेव नाहीतर काढ, तुझा आहे. ठेवलास तर तो राहिलेला शब्द घाल. सोबतची प्रत मात्र तुझ्यासाठी. तिच्यावर मी कुठलंही नाव टाकलेलं नाही.

मागच्या पत्रात मी तुला येशील का असं विचारलं नाही, आणि तू आभार मानलेस. ते आभार मला नकोत. तेव्हा विचारायची हिंमत झाली नव्हती, एवढंच. आता विचारतही नाही, सांगते : ये.

आईनं काही म्हटलेलं नाही. ती म्हणणारही नाही. पण काल तिनं मशीनवरच्या दिव्यात मोठा बल्ब बसवून घेतला. कशाला म्हटलं, तर म्हणाली, सुईत दोरा जात नाही हल्ली. तिचा दोरा अजून पहिल्या खेपेला सुईत जातो, मी रोज बघते.

दार मी उघडेन. ती आत खिडकीशी असेल, बहुतेक पाठमोरीच. तू दारात उभा राहा. कॅमेरा बॅगेत ठेव.

तुझी,
ताई