सभागृहाचा सुरक्षाप्रमुख

३ मार्च
आजपासून मी आमच्या सार्वजनिक सभागृहाचा सुरक्षाप्रमुख. समितीने एकमताने निवडलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, हा भाग वेगळा. इथे येणाऱ्यांना अक्कल कमी. पायऱ्यांवर बसतात, दारात गप्पा ठोकतात. एकेकाला सरळ करतो.

५ मार्च, सकाळी
मागच्या दाराने फुकटे घुसतात. कुलूप ठोकलं. बायको म्हणाली, अहो, आग लागली तर पळायचं कुठून? म्हटलं, मी आहे ना!

१२ मार्च
व्हीलचेअरसाठी रॅम्प तयार. जागा वाचवून एकदम आटोपशीर. पहिल्या आल्या त्या ताई. बायकोची थोरली बहीण, मुख्याध्यापिका होत्या. खुर्चीत बसूनही हुकूम सोडायची सवय गेली नाही. म्हणाल्या, "जावईबापू, हा रॅम्प की घसरगुंडी?" चौघांनी ढकलून वर नेलं. चौघं मिळाले ना? मग गैरसोय कसली?

१३ मार्च
रॅम्पच्या तोंडाशी कुंड्या मांडल्या. शोभा येते, आणि कोणी चढायच्या फंदात पडत नाही. अपघाताचा प्रश्नच मिटला.

२० मार्च
उद्या गाण्याच्या क्लासच्या वेळी आगीची रंगीत तालीम. बायको आणि ताईही त्या क्लासला असतात; ताईंना हल्ली चौघं खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून नेतात. धुरासाठी डब्यात ओली पोती जाळणार. कोणाला सांगणार नाही. खरी आग काय आमंत्रण देऊन येते?

२१ मार्च, संध्याकाळी
तालीम तशी यशस्वी. धूर जरा जास्त झाला. पडदाही पेटला, थोडासाच. मूर्ख सगळे मागच्या दाराकडे धावले. किल्ली माझ्या दुसऱ्या पँटीत, घरी. मी खणखणीत आवाजात हुकूम दिले. बायको म्हणते, ते "वाचवा, वाचवा" होतं. तेवढ्यात ताई कडाडल्या, "गप्प! रांग करा. पुढच्या दाराने चला." मेंढरं निमूट निघाली. मी आधीच बाहेर होतो. प्रमुखाने बाहेरून देखरेख करायची असते. ताई आतच राहिल्यात हे माझ्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. ती धुरात परत शिरली. खुर्ची ढकलत रॅम्पवर आली, तर खाली कुंड्या. तबलजीने लाथेने उडवल्या. महागाच्या होत्या.

२४ मार्च
समितीने ताईंना सुरक्षाप्रमुख केलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! लोकांना नाटकीपणाच आवडतो. मीही वाजवल्या, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून.
बायको अजून खोकतेय. पाणी नेऊन दिलं. सहज विचारलं, आत गेलीस तेव्हा मलाही शोधलंस का गं?
ती म्हणाली, "तुम्हाला कशाला? तुम्ही सगळ्यांत आधी बाहेर पडला असणार, याची खात्रीच होती."