फिल्टरवरचा नट

ता. ३ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गाडी डिझेल गाळू लागली आहे. सोमवारी अप्पांना दर आठवड्याच्या इंजेक्शनला न्यायचं, तर सकाळी गाडीखाली थारोळं आणि इंजिन नुसतं घरघरतंय. टॅक्सी बोलावली. पण जन्मभर बस चालवलेला माणूस परक्या ड्रायव्हरशेजारी बसेल तर शपथ! टॅक्सीवाल्याला पाणी पाजून परत धाडलं. मेकॅनिकला तर अप्पा बॉनेटला हातही लावू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजार आधीच बळावलाय, खाडे परवडायचे नाहीत. तू गॅरेजात कामाला, पण नेमका शेकडो कोस लांब. मी काय करू?

तुझ्या मायेची भुकेली,
भिंगरी

ता. ९ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. इंजिन थंड असू दे, अप्पांची सिगारेट लांब ठेव. फिल्टर आणि नळ्या फडक्याने कोरड्या पूस, मग पहिला थेंब कुठे फुटतो ते बघ. बहुधा फिल्टरवरच्या नटापाशीच. तांब्याचे नवे वायसर पाठवतोय; नटाच्या दोन्ही बाजूंना एकेक घाल आणि आवळ. सगळा राग नटावर काढू नकोस, मोडशील! मग वरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाब, म्हणजे आत शिरलेली हवा निघेल. अप्पांचा आणखी खाडा होऊ देऊ नकोस.

माया आहेच, ती वेगळी मागू नये.
दादा

ता. १ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याबरहुकूम केलं. गाडी एका दमात सुरू झाली. अप्पा म्हणाले, डेपोत तुला डोळे झाकून घेतलं असतं. आठवडाभर टिपूस नाही. सोमवारी पुन्हा थारोळं! वायसर धड होते, नट मात्र बोटाने फिरत होता. आवळला. पुढच्या सोमवारी तेच. एरवी हीच गाडी भाजी आणते, अप्पांना तळ्यावर फिरवते. माझी मती गुंग झालीय रे.

लोभ आहे तसाच राहो.
भिंगरी

ता. ७ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नटाला वार कळत नाही, वेडाबाई. पाना कुलपात ठेव. अप्पांशी बोल, भांड, पण त्यांना गाडीत घाल. मला इथे रजा मिळत नाही. हात जोडतो.

दादा

ता. १६ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मी भांडले. रडलेसुद्धा. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एका इंजेक्शनने अर्धा आठवडा अंथरुणात जातो आणि आयुष्यात वाढून मिळायचे ते चार महिनेही तसेच जायचे. डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, हिशेब खरा आहे. तरी मी ऐकेना, तेव्हा अप्पा येतो म्हणाले. पाना कुलपात ठेवायला माझा हात धजला नाही.

सोमवारी मी उठून बाहेर आले तर बॉनेट उघडं. पाना नटावर बसवलेला, पण अप्पांच्या हातात तो फिरवण्याइतकी ताकद उरली नव्हती. मला बघून ओशाळले. एवढंच म्हणाले, फार घट्ट आवळलास बघ. आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

दादा, नट मी सोडवला.

रागाव हवा तेवढा, पण लोभ तोडू नकोस. आणि रजेची वाट बघू नकोस, निघ.

भिंगरी