पिवळट पोलकं

८ जुलै १९५७, सोम.
शाळा उघडून जेमतेम आठवडा, आणि लगेच मीटिंग. ठराव पास. १५ ऑगस्टपासून गणवेशाशिवाय वर्गात घ्यायचं नाही. मुलांना पांढरा सदरा, खाकी चड्डी. मुलींना पांढरं पोलकं, निळा परकर. मी हात वर केला तो मनापासून. दुकानदारांच्या मुली झुळझुळीत झगे घालून पुढे बसतात, ठिगळंवाल्या आपोआप मागे. कुणाला सांगावंही लागत नाही. एकदा सगळ्या सारख्या दिसू देत.

१२ जुलै, शुक्र.
शेठजी, म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, गरीब मुलांना गणवेश फुकट देणार. छान. पण वाटप कधी? १५ ऑगस्टला, झेंड्यासमोर, सगळ्या गावादेखत. घेणाऱ्यांची रांग वेगळी. सारखं दिसावं म्हणून गणवेश, आणि तो घ्यायला वेगळी रांग! मी म्हटलं, आदल्या दिवशी गुपचूप घरी पोचवू. शेठजी : "पुण्याचं काम हाये बाई. तुमी काऊन मोडता घालून राह्यल्या?" हेडमास्तर (हे.मा.) टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. यांना तोंड दिलंय ते फक्त प्रार्थनेसाठी.

१९ जुलै, शुक्र.
घेणाऱ्यांची नावं विचारली. सातवीतली शेवंता उभी राहून म्हणाली, "मले नाई पायजे." दुसरा परकर नाही घरात, आणि नाही पायजे! वर्गातली सगळ्यात हुशार. यंदा सातवी पास झाली तर पुढे मास्तरीण होईल, माझी खात्री आहे.
संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई पार्वताबाई शेतातल्या निंदणावरून येऊन पाय धूत होती. म्हणाली, "मागच्या दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेतली आमी. आता कोनाचं उतरलेलं, वाटलेलं घेनं नाई. पोरगी शिकन, पन हात पुढं करून नाई शिकन."
मी म्हटलं, मग मी देते कापड.
"तुमचं काय अन् शेठचं काय बाई, देल्लंच ना थे?"
रागावून परतले. शेठवर राग, हे.मां.वर राग, हिच्यावरही. बाणेदारपणाला मार्क असते तर ...

२३ जुलै, मंगळ.
सुचलं एकदाचं! रोज सूतकताईचा तास घेतो आपण, आणि डोकं चालवत नाही. शेवंताचं सूत बारीक, एकसारखं. दोन वर्षांच्या सुताच्या गुंड्या कपाटात तिच्याच नावाने बांधलेल्या. सूत ज्याचं त्याचं, हा शाळेचाच नियम. वर्ध्याला खादी भांडारात सूत द्यायचं, कापड आणायचं. हे.मा. तर हरखलेच. "स्वावलंबन! वा! भाषणात घालतो." घाला.
पार्वताबाई : "पोरीच्या हातचं हाये, मंग काऊन नाई?"

३ ऑगस्ट, शनि.
वर्धा. मोटार वाटेत दोनदा बंद पडली, भिजले, चप्पल तुटली. कापड मिळालं. धुवट पांढरं नव्हतं, कोरं पिवळट होतं. घेतलं. उरलेल्या सुताच्या पैशांत परकरासाठी निळा रंग घेतला.

१० ऑगस्ट, शनि.
शिवणाच्या तासाला शेवंताने स्वतः पोलकं शिवलं. परकर माझ्या अंगणात रंगवला. कुठे गडद, कुठे फिका. माझे हातही निळे. घालून दाखवायला आली तर चालायची ढबच बदललेली. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

१३ ऑगस्ट, मंगळ.
रंगीत तालीम. हे.मा. रांगा बघत आले आणि शेवंतापाशी थबकले.
"हे काय?"
"गणवेश, सर."
"पांढरं म्हणजे पांढरं, बाई. रांगेत डाग दिसेल."
मी म्हटलं, सूत तिचं, शिवण तिची. तर म्हणाले, "ते मी भाषणात सांगणारच आहे. पण ती रांगेत नको."
डोक्यावर खादीची टोपी घालून हे बोलतो माणूस! पोरांना टकळी धरायला लावायची, आणि पोरीने सुताचं कापड अंगात घातलं की डाग! शेठजी तिथेच होते. "आमच्या कपड्यात काय काटे हायेत का?" शेवटी हे.मां.चा हुकूम : वाटपाच्या रांगेत उभी राहून शेठचा गणवेश घ्यावा, नाहीतर परवापासून वर्गात येऊ नये.
शेवंता सगळं ऐकत होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं.
घरी नेऊन पोलकं सोड्यात उकळलं, नीळ दिली. पिवळट ते पिवळटच.

१४ ऑगस्ट, बुध.
हे.मां.ना पुन्हा भेटले. "नियम एकीसाठी मोडला तर उद्या सगळे मोडतील." मी विचारलं, मोडला कुठे तिने? तर मलाच, "बाई, तुम्हालाही इथे नोकरी करायची आहे ना?" ऐकलं ते ऐकलं.
पार्वताबाईला सांगायला गेले. वाटलं होतं, शिव्या देईल. ती म्हणाली, "उद्या मजुरी पाडतो अन् येतो मी. पोरीनं कातलेलं नेसून उभी राह्यते थे, मले पाहू द्या." हिला कसं सांगू की उभीच राहू देणार नाहीत? सांगितलं. तरी म्हणाली, "येतोच."
मुलींच्या रांगा लावायचं काम माझ्याकडे. हे.मा. व्यासपीठावर असणार, शेठजीही. कुणाला कुठे उभं करायचं ते उद्या माझ्याच हातात आहे, आणि नोकरीही.
निघताना शेवंता दारापर्यंत आली.
"बाई, एक रांग गणवेशवाल्याईची, एक घेनाऱ्याईची. मंग मी कोनत्या रांगेत उभी राहू?"
मी म्हटलं, "लवकर येजो. गणवेशवाल्यांची रांग मीच लावणार आहे."