इन्सोलंट

परभणी, मंगळवार, जानेवारी १९५१

अजून किळस जात नाही. चराईच्या परवान्यासाठी एक धनगर आमच्या कचेरीत आला. बाहेरून बदलून आलेले नवे साहेब त्याच्यावर ओरडले, "इन्सोलंट! माझ्यासमोर मुंडासं काढ."

तो माझ्याकडे वळला. "बाप जित्ता हाय माजा. डोस्कं उघडं कसं करू?"

मी साहेबांना सांगितलं, इथं डोकं उघडं करतात ते सुतकात. साहेब हसले. मग सगळेच हसले. शी!

घरी येऊन डिक्शनरी उघडली. इन्सोलंट म्हणजे उर्मट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'सवय नसलेला'. मग सवय नाही कुणाला? निजामीत तर बोडक्यानं कचेरीत शिरू देत नसत.

परवाना मिळाला त्याला. मुंडासं काखेत धरून, उघड्या डोक्यानं घेतला. बाप जिवंत असताना.