पालथ्या धोंड्याचं वय

बा, तुला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे. पण कालपासून माझं डोकं तापलंय. काल दिल्लीतल्या एका सभागृहात माझे जुने सर व्यासपीठावर उभे राहिले, पडद्यावर हिमालयातल्या एका धोंड्याचा फोटो लावला आणि म्हणाले, "आम्ही तिथे पुन्हा गेलो तेव्हा आमच्या लक्षात आलं, की हा धोंडा बर्फ हटल्यानंतर कधीतरी उलटला असावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मी टाळी वाजवली नाही. कारण ते सरांच्या लक्षात आलेलं नव्हतं, बा. ते तू शिकवलेलं होतं.

वेवजीच्या टेकडीवरच्या त्या दगडाच्या क्वारीत मी सहावीत असताना सुट्टीत तुझं जेवण घेऊन यायचे. एक दुपार मला अजून दिसते. फडक्यात तांदळाची भाकर आणि सुकट आहे, क्रशरच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही आणि खडी भरणाऱ्या बायका उताराखालच्या सावलीत जेवायला बसल्यात. तू भाकर हातात घेतोस, पण बसत नाहीस. वर बघत राहतोस. मग मला उतारावर नेतोस आणि म्हशीएवढ्या एका धोंड्यापाशी उभं करतोस.

"हात फिरव. कसा लागतो?"

"गुळगुळीत."

"आता कडेखाली हात घाल."

खाली सगळं खरखरीत, खड्डे पडलेलं.

"पावसानं खाल्लेली बाजू वर पायजे," तू म्हणतोस. "हिची खाली गेलीय. धोंडा पालथा झालाय. म्हंजे उतार हललाय."

तू जाऊन मुकादमाला सांगितलंस. तो गुजरातीत काहीतरी बोलला आणि आजूबाजूचे हसले. तू वाद घातला नाहीस. बायकांपाशी गेलास, एकेकीचा डबा स्वतः उचलून लांब चिंचेखाली नेऊन ठेवलास, तेव्हा कुरकुरत त्याही उठल्या आणि पुढे रोज तिथेच बसायला लागल्या. चार दिवसांनी सुरुंग लागला आणि तो उतार अख्खा खाली आला. खाली कुणी नव्हतं. कुणी मेलं नाही, म्हणून तू काय केलंस ते कुणाला आठवलंही नाही. मुकादमानं तुला एका शब्दानं विचारलं नाही, की तुला कसं कळलं.

आता सरांचा धोंडा. हजारो वर्षांपूर्वी जग आजच्यापेक्षा खूप थंड होतं, तेव्हा हिमालयातल्या दऱ्या बर्फाच्या नद्यांनी भरलेल्या होत्या. मग हवा तापत गेली आणि त्या नद्या डोंगरात वरवर मागे सरकल्या. जिथे जिथे थांबल्या तिथे त्यांनी ओढून आणलेल्या दगडांचे ढीग सोडले, आपल्या खाचराच्या बांधासारखे. बांधावरचा धोंडा बर्फातून उघडा पडला, की आकाशातून येणारे किरण त्याच्या वरच्या थरात खुणा साठवायला लागतात. आम्ही तो थर छिन्नीनं काढून कुटतो, खुणा मोजतो आणि बर्फ तिथून कधी हटला ते सांगतो. एकामागून एक बांध मोजले, की बर्फ किती वेगानं मागे गेला ते कळतं, आणि आज उरलेला बर्फ किती टिकेल याचा अंदाज बांधायलाही तेच आकडे कामी येतात. पण धोंडा पालथा झालेला असेल, तर जमिनीकडची बाजू वर आलेली असते. तिच्यावर खुणा थोड्या. म्हातारा दगड तरुण ठरतो.

मी सरांच्या हाताखाली शिकत असताना लाहौलमधल्या एका खोऱ्यात त्यांनी नेमका तसाच धोंडा निवडला. मी त्यावर हात फिरवला, मग कडेखाली घातला, आणि म्हणाले, "सर, हा पालथा झालाय. दुसरा घेऊ या."

"कुठे वाचलंस हे?"

"वाचलं नाही. माझे वडील दगडखाणीत आहेत, त्यांनी शिकवलंय."

सर हसले. "अगं, आपण इथे खडी पाडायला नाही आलो." बरोबरची तिन्ही पोरं हसली. मग छिन्नी माझ्याच हातात दिली. मी त्या चुकीच्या दगडाचा तुकडा काढला, पिशवीत भरला आणि वर आकडा घातला. त्याच दिवशी माझ्या वहीत मात्र लिहून ठेवलं : धोंडा पालथा, सरांना सांगितलं.

धोंड्याचं वय शेजारच्या सगळ्या दगडांपेक्षा फार कमी आलं. सरांनी त्यावरून सिद्धान्त मांडला, की इतर दऱ्यांतला बर्फ मागे हटला तरी या खोऱ्यातली हिमनदी हजारो वर्षं तिथेच अडून राहिली. लोकांनी तो मान्य केला. आणि त्याच वर्षी तू खोकत होतास. प्रयोगशाळेत ओंजळभर दगड कुटायचा तर मला तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि डोक्यावर धूळ ओढून घेणारं यंत्र. तू सत्तावीस वर्षं डोंगर फोडलास, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून. क्वारीवाल्याच्या ओळखीच्या डॉक्टरनं कागदावर 'दमा' लिहिलं. मी म्हटलं, ही दगडाची धूळ आहे, छातीचा फोटो नीट बघा. तो म्हणाला, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?" तू खाटेवरून मला हातानं गप्प राहायला सांगितलंस. त्या वेळी मी गप्प राहिले, याची चीड मला अजून येते. तुझीही येते.

म्हणून काल उभी राहिले. म्हटलं, "सर, हे मी तुम्हाला त्याच दिवशी, त्याच धोंड्यापाशी सांगितलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे." सर म्हणाले, "असेल, मला आठवत नाही," आणि अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची वेळ जाहीर केली. चहाच्या टेबलापाशी सर आले. "एवढं चारचौघांत कशाला? लेखाच्या शेवटी आभारात तुझं नाव टाकतो."

"माझ्या वडिलांचं टाका."

"त्यांचं कसं टाकणार? ते काय संशोधक होते?"

"त्या धोंड्याच्या बाबतीत तुमच्यापेक्षा जास्त," मी म्हटलं आणि कप तिथेच ठेवून निघाले. रात्री खोलीवर बसून वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला आणि सरांचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना माझ्या नावानं टिपण पाठवलं. त्यात लिहिलं, की धोंडा उलटल्याची ही पारख मला माझ्या वडिलांनी दिली. ते दगडखाणीत मजूर होते. पुढे तुझं पूर्ण नाव. सकाळी उत्तर आलं, छापतो म्हणून. नाव गाळा असं कुणी म्हटलं नाही. तरी माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

हे पत्र मी त्याच वहीत ठेवणार आहे. पण एक गोष्ट राहिली. मी हिमालयात जाते ते तुला ठाऊक होतं. तिथे काय करते ते मी तुला कधीच सांगितलं नाही. मोजणीच्या हापिसात बसून कागद लिहिते, एवढंच सांगायचे, आणि तू तेच पाड्यावर सगळ्यांना सांगायचास. शेवटच्या आठवड्यात तू विचारलंस, "तुझ्या हापिसात धूळ नाय ना?" मी म्हटलं, "नाही, बा. खिडक्या कायम बंद असतात." तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. मी सकाळच्या गाडीनं थेट प्रयोगशाळेतून आले होते, आणि माझ्या केसांत दगडाची पूड होती.